गांडुळाचे पुनर्जनन : धातुविष आणि वनस्पतिअर्क

कुदळीने गांडुळाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळे होतात, हा समज बहुतेक जातींच्या बाबतीत चुकीचा आहे. साधारणतः डोक्याकडचा भाग शेपूट पुन्हा घडवतो आणि शेपटीकडचा मरतो. शेणखतात आढळणारे पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस मात्र दोन्ही टोके घडवू शकते. स्नायू आवळून जखम मिटते, तिच्यावर पेशींचा कोंब धरतो आणि त्यातून नवी वलये येतात. हा कोंब पेशीविभाजनावर वाढतो. कॅडमियमसारखा धातू प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून आणि पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणून नेमका याच कामात आड येतो. मेटॅलोथायोनीन नावाचे गंधकयुक्त प्रथिन त्याला बांधून ठेवते, पण त्या बंदोबस्तालाही मर्यादा असते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 1984 ची प्रमाणित चाचणी 14 दिवसांत किती गांडुळे मेली हे मोजते. त्या हिशेबात जिवंत ठरलेले गांडूळ तुटलेली शेपूट घडवू शकेलच असे नाही, म्हणून पुनर्जनन हा अधिक संवेदनशील निकष मानावा.

वनस्पतिअर्काने धातुग्रस्त गांडुळाची ऊती सावरते, या दाव्याची खरी कसोटी अर्क कुठे काम करतो ही आहे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडताच तो काळा होतो. रंगाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिरड्यातले टॅनिन लोखंडाला बांधते, त्याचा हा रंग. म्हणजे अर्क आणि धातू एकाच भांड्यात घातले आणि गांडूळ सुधारले, तर अर्काने ऊती घडवली की धातूच बाहेर अडवला, हे कळत नाही. आधी धातू द्यावा, मग गांडूळ धुऊन स्वच्छ मातीत ठेवावे, त्यानंतरच अर्क द्यावा. शिवाय नुसत्या अर्कावरचा एक गट हवा, कारण जास्त टॅनिन स्वतःच अपायकारक ठरू शकते. एवढे केल्याशिवाय ‘पुनर्जननवर्धक’ हा शब्द वापरू नये.

शेतकऱ्याला गांडूळ जगल्याशी मतलब, धातू कुठे बांधला गेला याच्याशी काय, असा आक्षेप येईल. पण बांधलेला धातू मातीतून गेलेला नसतो; सेंद्रिय पदार्थ कुजला की तो पुन्हा मोकळा होऊ शकतो. दुसरा आक्षेप स्थानाचा : पवन मावळातल्या तिकोणा पेठेसारख्या, गडाच्या पायथ्याच्या भातगावात धातुविषाचे काय काम? तिथला कातळ बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम ग्रॅनाइटपेक्षा निसर्गतःच जास्त असतात. त्यामुळे पवना नदीच्या खालच्या, औद्योगिक पट्ट्यातली माती तपासायची तर तुलनेला परदेशी प्रमाणित मातीपेक्षा अशा वरच्या खाचरांची माती आणि तिथलीच गांडुळे उपयोगी पडतील. एकूण धातू आणि जिवाला उपलब्ध होणारा धातू यांतला फरक तिथे दिसेल. पुनर्जननक्षम प्राण्यावर विषारीपणा तपासण्याची वाट पुण्याला नवी नाही : आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रा या चिमुकल्या जलचरावर असा अभ्यास केला. हायड्रा कृमी नाही आणि पाण्यात राहतो, म्हणून त्याचे आकडे गांडुळाला लावता येत नाहीत. प्रयोगाची शिस्त मात्र लागू होते.