बंबखान्याची घंटा

दर एप्रिलात अग्निसेवा सप्ताह आला की आम्हां सरकारी नोकरांच्या खिशावर एक लहानशी कागदी पताका टाचली जाते. तिची वर्गणी द्यावयाची, व्हरांड्यातील वाळूच्या तांबड्या बादल्यांकडे एकवार पाहावयाचे आणि पुन्हा फायलींत मान घालावयाची, असा आमच्या बेंगळूरच्या कचेरीतला परिपाठ आहे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १४ एप्रिलला, देशभरच्या बंबखान्यांत जवान क्षणभर स्तब्ध उभे राहतात. ही तारीख म्हटली की मराठी माणसास डॉ. आंबेडकरांची जयंती आठवते, आणि ते उचितच आहे. परंतु बंबखान्यांतील ते मौन मुंबईच्या माणसांसाठी असते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

मुंबईचा बंबखाना एका दिवसात उभा राहिला नाही. १८०३ साली कोटात लागलेल्या आगीने वस्तीचा फार मोठा भाग जाळून टाकला. तरीही नियमित दल निघावयास अर्धे शतक लागले. १८५५ मध्ये ते निघाले, तेव्हाही ते पोलिसांचे जोडकाम होते. १८८८ च्या कायद्याने ही जबाबदारी महापालिकेकडे आली. १९०७ मध्ये घोड्यांच्या बंबांच्या जोडीला मोटारबंब आला आणि १९१३ मध्ये रस्त्यांवर सूचनापेट्या बसविण्यात आल्या. पेटीची काच फोडावी की वर्दी थेट बंबखान्यात पोहोचे. या सर्व सुधारणांत आम्हांस ही पेटीच अधिक मोलाची वाटते. कारण बंबखान्याचे सामर्थ्य नळीत जेवढे असते, तेवढेच वर्दीत असते. आग कोठे आहे, केवढी आहे आणि आत जळते आहे ते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळाली, तरच पाण्याचा उपयोग.

ती न मिळाल्याने काय होते, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही बोट दोन दिवसांपूर्वी येऊन लागली होती. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्याच सोबतीस कराचीला चढविलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या. स्फोटक माल असल्याची खूण म्हणून लावावयाचे तांबडे निशाण तिच्यावर नव्हते. दुपारच्या सुट्टीत शेजारच्या बोटींवरील लोकांस धूर दिसला, पण कोणी हाक दिली नाही. पावणेदोनच्या सुमारास आरडाओरड झाली. गोदीवरील पथकाच्या नायकाने मोठ्या आगीची वर्दी देण्यास माणूस धाडला. परंतु त्यास मिळालेल्या टेलिफोनला आकडे फिरविण्याची चकतीच नव्हती. त्याने जवळच्या पेटीची काच फोडली. पेटीला एवढेच सांगता येई की आग लागली आहे; ती केवढी, हे सांगण्याची तिला सोय नव्हती. २ वाजून १६ मिनिटांनी वर्दी लागली आणि सामान्य आगीला पाठवितात तसे दोनच बंब निघाले.

दलप्रमुख नॉर्मन कूम्ब्झ स्वतः आल्यावर आणखी बंब मागविण्यात आले. तीसहून अधिक नळ्यांनी पाणी सुरू झाले. इकडे धक्क्यावर अधिकाऱ्यांचा खल चालला होता : बोट बुडवावी, की ओढून समुद्रात न्यावी? प्रत्येकाजवळ मत होते, अंतिम हुकूम मात्र कोणीच दिला नाही. आम्ही कारकुनी करीत असल्याने हे दृश्य आम्हांस अपरिचित नाही. बोटीत काय आहे हे दलास आता कळले होते. तरी नळ्या सुटल्या नाहीत. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आठशेहून अधिक माणसे मेली, असंख्य बेघर झाली. त्या मृतांत बंबवाले ६६ होते. स्फोटाने उडालेल्या सोन्याच्या विटा शहरात कोठे कोठे पडल्या, ही गोष्ट मुंबईत अजून चवीने सांगितली जाते. ६६ जणांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्य बंबखान्यात आहे. तेथे जाणारे थोडे.

आमच्या बेंगळूरलाही अशाच किमतीने शहाणपण घ्यावे लागले. म्हैसूर राज्याने १९६४ मध्ये अग्निशामक दलाचा कायदा केला. तरी ७ फेब्रुवारी १९८१ रोजी सर्कशीच्या तंबूस आग लागून ९२ जीव गेले; त्यांत मुले फार. २३ फेब्रुवारी २०१० रोजी कार्लटन टॉवर्स या उंच इमारतीत धूर कोंडला आणि नऊ जण दगावले; जिवाच्या आकांताने काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बंब दोन्ही वेळा आले. पण बंब येण्यापूर्वीची मिनिटे बंबखान्याच्या हाती नसतात. ती तेथे असणाऱ्या माणसांच्या हाती असतात.

म्हणून आम्ही यंदा पताका टाचून घेतल्यावर मागच्या जिन्याने खाली उतरून पाहिले. दुसऱ्या मजल्यावर जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांनी वाट अर्धी अडविली होती आणि खालच्या दाराला कुलूप होते. किल्ली कोणाकडे असते, हे विचारता तिघांनी तीन नावे सांगितली. गठ्ठे त्याच दिवशी हलविले. किल्लीसाठी अर्ज दिला आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत आम्ही रोज एकदा त्या दाराशी जाऊन येतो.