प्रवासी जेट विमानांतील हायड्रॉलिक प्रणाली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना समान पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा याने त्याच आधारावर हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. पुढे विमानांचा आकार व वेग वाढत गेला, तेव्हा वैमानिकाच्या केवळ बाहुबलावर नियंत्रण-पृष्ठे हलविणे अशक्य झाले आणि हे तत्त्व विमानविद्येत अपरिहार्य ठरले. प्रस्तुत लेखात या प्रणालीच्या सुरक्षिततेमागील विचार कसा बदलत गेला, याचा आढावा घेतला आहे.

पंपाचे कार्य :
मुख्य पंप सामान्यतः इंजिनाच्या गिअरबॉक्सवर बसविलेला असतो. त्याच्या फिरत्या ठोकळ्यातील दट्टे तिरप्या तबकडीमुळे मागेपुढे सरकतात व तेल ढकलतात. मागणी घटली की तबकडीचा कल कमी होतो. प्रवाह घटतो, पण दाब टिकून राहतो. बहुतेक जेट विमानांत हा दाब दर चौरस इंचास सुमारे ३,००० पौंड असतो. म्हणजेच १० चौरस इंचांच्या दट्ट्यावर ३०,००० पौंडांचे बल मिळते.

संख्येवरील विश्वास आणि त्याच्या मर्यादा :
१९६९ मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या बोइंग ७४७ मध्ये चार, तर १९७० च्या डीसी-१० मध्ये तीन हायड्रॉलिक प्रणाली होत्या. त्या सर्व एकाच वेळी निकामी होणार नाहीत, असे गृहीत धरलेले होते. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या ७४७ विमानाची मागील दाबभिंत १९७८ च्या अपघातानंतरच्या सदोष दुरुस्तीमुळे फुटली. शेपटीचा मोठा भाग तुटला, चारही प्रणालींतील तेल वाहून गेले आणि ५२४ पैकी ५२० जण मृत्युमुखी पडले. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० मध्ये शेपटीतील इंजिनाची पंखा-चकती फुटून तिन्ही प्रणाली बंद पडल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले.

दोन्ही दुर्घटनांतील समान सूत्र लक्षणीय आहे. प्रणाली स्वतंत्र होत्या, परंतु त्यांच्या नळ्या शेपटीत परस्परांच्या निकट होत्या. त्यामुळे एकाच आघाताने सर्वांचा नाश झाला. त्यानंतर डीसी-१० च्या एका प्रणालीत गळती होताच मार्ग बंद करणारी झडप बसविण्यात आली. २००७ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३८० मध्ये ५,००० पौंड दाबाच्या दोन हायड्रॉलिक प्रणालींना विजेवर चालणाऱ्या यंत्रणांची जोड देण्यात आली.

निष्कर्ष :
पर्यायांची संख्या वाढविणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. ते पर्याय एकाच कारणाने नष्ट होणार नाहीत, अशी रचना करणे म्हणजे सुरक्षितता होय. विमानविद्येला हा धडा मोठी मनुष्यहानी सोसून शिकावा लागला.