थंडी-दवात टोमॅटोवर करपा : डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्यांनी काय पाहावे, काय करावे

डहाणू/तलासरी : भात झोडून झालं की दोन्ही तालुक्यांतली अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्टी, रेतीबंदर किंवा बांधकामाच्या कामाला बाहेर पडतात. ज्यांच्या शेताला विहीर, बंधारा किंवा कालव्याचं पाणी आहे, ती भाजीपाला लावून गावातच राहू शकतात. टोमॅटो त्यातलं पटकन पैसा देणारं पीक. पण बियाणं, बांबू, तार, औषध असा खर्च आधीच होतो आणि करपा आला तर आठवड्याभरात प्लॉट जळाल्यासारखा दिसतो.

करपा कधी येतो?

पावसाळ्यात उघड्यावर टोमॅटो टिकवणं इथे अवघडच. म्हणून लागवड भातानंतर होते. मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा, पहाटे धुकं आणि दव असतं. 15 ते 22 अंश तापमान आणि सलग दहा-बारा तास ओलं पान, एवढं उशिराच्या करप्याला पुरतं. अवकाळी पाऊस झाला तर धोका आणखी वाढतो. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाच्या वेळी भर थंडीत असा पाऊस जिल्ह्याने पाहिला आहे. 1845 पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग हाच.

ओळखायचं कसं?

उशिराचा करपा : पानावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट-हिरवे डाग पडतात. सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. हिरव्या फळावर कडक तपकिरी चट्टा येतो.

लवकर येणारा करपा : खालच्या जुन्या पानांवर गोल डाग, त्यात एकात एक वलयं. हा त्या मानाने सावकाश पसरतो.

मर रोग : हा करपा नव्हे. हिरवं झाड अचानक माना टाकतं. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला आणि दुधासारखी धार सुटली, तर ती जिवाणूजन्य मर. करप्याचं औषध तिच्यावर चालत नाही. पैसा वाया जातो.

पान कोरडं ठेवा

फवारणीआधीचा खरा उपाय हाच.

• दोन ओळींत 90 आणि दोन झाडांत 60 सेंमी अंतर ठेवावं. दाटीत वारा खेळत नाही.
• झाड बांबू-तारेवर बांधावं. जमिनीला टेकणारी खालची पानं काढावीत.
• पाणी मुळाशी, सकाळी द्यावं. ठिबक असेल तर उत्तम. तुषार सिंचन आणि संध्याकाळचं पाणी टाळावं.
• युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि ओल धरतो.
• वांगी, मिरची, बटाटा काढलेल्या जागी लगेच टोमॅटो घेऊ नये. भाताचं खाचर बरं, पण पाणी साचू नये म्हणून गादीवाफा हवाच.
• रोगट पानं-फळं बांधावर टाकू नयेत. गोळा करून खोल पुरावीत.

वाण निवडताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक पाहता येईल. तो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांना प्रतिकारक आहे. उशिराच्या करप्यासाठी मात्र त्यावरही लक्ष ठेवावंच लागतं.

फवारणी

ढगाळ हवा किंवा धुकं सुरू होताच, डाग दिसण्याआधी, मॅन्कोझेबची प्रतिबंधक फवारणी करतात. डाग दिसल्यावर सायमॉक्झॅनिल-मॅन्कोझेब हे मिश्र औषध वापरतात. पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नये. प्रमाण आणि तोडणीआधी थांबायचे दिवस लेबलवर पाहावेत. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावं.

रोग नेमका कोणता हे कळत नसेल तर रोगट फांदी घेऊन कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालय गाठावं. औषधाची बाटली त्यानंतरच घ्यावी.