काळ्या मातीवरच्या घराच्या भिंती पुन्हा पुन्हा का तडकतात? खचलेला पाया सावरता येतो का?

एप्रिल-मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग उघडते. पावसाळ्यात ती जवळजवळ मिटते, पण मग दार चौकटीत अडकायला लागतं. दिवाळीआधी गवंडी येतो, पुट्टी भरतो, रंग मारला जातो. पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी हजर! विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक घरांत हे घडतं. पुट्टीवर दरवर्षी पैसे जातात, खरी अडचण मात्र घराखालच्या मातीत असते.

माती नेमकं काय करते?

बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याच्या थरांत पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

घराखाली मात्र हे सगळीकडे सारखं होत नाही. मधली माती झाकलेली असल्याने तिचा ओलावा फारसा बदलत नाही. बाहेरच्या भिंतींखालची माती दर ऋतूत वर-खाली होते. त्यात एका कोपऱ्यात सेप्टिक टँक गळत असेल किंवा भिंतीलगत मोठं झाड पाणी शोषत असेल, तर फरक आणखी वाढतो. सगळं घर एकसारखं खचलं असतं तर कदाचित एकही तडा दिसला नसता.

कोणती भेग पायाची?

केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा सुकताना पडलेल्या असतात. विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यांसारखी तिरकी जाणारी, एका टोकाला जास्त रुंद असलेली भेग वेगळी. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून अंतर आणि तारीख लिहून ठेवावी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा अशी नोंद झाली की भेग ऋतूनुसार उघडमीट करते की सतत वाढते, हे कळतं. इंजिनिअरलाही हीच माहिती हवी असते.

भेग काही आठवड्यांतच रुंदावत असेल, भिंत कलली असेल किंवा कॉलम-बीमला तडे असतील, तर मात्र नोंदी ठेवत बसू नये. घर रिकामं करून लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.

दुरुस्ती कुठून सुरू होते?

पाण्यापासून. गळके पाइप बदलणं, छपराचं पाणी पायापासून लांब सोडणं, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी करणं ही कामं तुलनेने स्वस्त आहेत, आणि काही घरांत एवढ्यानेच हालचाल बरीच कमी होते. जुनं झाड मात्र घाईने तोडू नये. त्याने शोषून घेतलेलं पाणी मातीत परत साचतं आणि तीच माती फुगून पाया वर ढकलू शकते.

तरीही खचणं थांबलं नाही, तर अंडरपिनिंग करावं लागतं. जुन्या पायाखाली साधारण एक-सव्वा मीटर लांबीचा टप्पा घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणतात आणि काँक्रीट भरतात. ते घट्ट झालं की वरची फट कोरडसर मसाल्याने ठासून भरतात. शेजारचे दोन टप्पे एकदम उघडत नाहीत, कारण तेवढा भाग अधांतरी राहिला तर भिंतच बसू शकते. हे काम इंजिनिअरच्या देखरेखीशिवाय करूच नये.

जमिनीत सिमेंटचं पाणी सोडून पाया पक्का करून देतो, असंही कुणी सांगतं. वाळू-मुरमात ते चालू शकतं, पण काळ्या मातीची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की सिमेंटचे कण त्यांत शिरतच नाहीत.

नवीन घर बांधायचं असेल तर?

अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. ते तळाशी कांद्यासारखे फुगीर असतात. भारतीय मानकानुसार काळ्या मातीचा थर खोल असेल तर ते किमान ३.५ मीटर खोल घ्यावे लागतात, म्हणजे ते ऋतूनुसार फारशा न बदलणाऱ्या मातीत टेकतात. वरचा बीम आणि जमीन यांत मुद्दाम पोकळी ठेवतात. माती फुगली तरी ती बीमला उचलत नाही.

जुन्या घरात पायाचं काम झाल्यावरही भेग लगेच बुजवत नाहीत. आणखी एक पावसाळा जाऊ देतात, पेन्सिलच्या खुणा हलल्या नाहीत हे पाहतात आणि मगच गवंड्याला बोलावतात.