गवळ्याचा गड

ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधली एकजण इटलीतल्या टस्कनीचे फोटो दाखवत होती. टेकडीवरची दगडी गावं, त्यांच्या डोक्यावर जुने किल्ले आणि समुद्राकाठचं मारेम्मा नावाचं राखीव जंगल. "गाडी भाड्याने घ्यायची, चार दिवसांत सगळं बघून होतं," ती सांगत होती. मग तिने सहज विचारलं, "तुमच्या अकोल्याकडे काय आहे गं बघायला?"

मी म्हणाले, "काही नाही. ऊन आणि कापूस."

सगळे हसले. मीही हसले. रात्री रूमवर मात्र स्वतःचाच राग आला. कारण मी परतवाड्यात वाढले. आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसायची. त्या रांगेत नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आहेत, चिखलदरा आहे आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेलं मेळघाट आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, मारेम्माचं उद्यान १९७५ चं. म्हणजे आपण एका वर्षाने मोठेच! आणि माझे बाबा बावीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली कितीतरी वर्षं परतवाडा–चिखलदरा रूटवर. तरी मी गाविलगड आतून पाहिलेला नव्हता. शाळेच्या सहलीत पॉइंट पाहिले, रबडी खाल्ली, परत आले.

पुण्यात आल्यावर मात्र मी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड असे तीसेक किल्ले केले. त्याचं कारण मला उशिरा कळलं. आपल्या मनात किल्ला म्हटलं की सह्याद्री येतो, शिवाजी महाराज येतात. गडावर पोचलं की घोषणा आपोआप तोंडात येते. वऱ्हाडातल्या किल्ल्यावर गेलं की कुणाच्या नावाने घोषणा द्यायची हेच कळत नाही. ज्या किल्ल्याची गोष्ट 'आपली' वाटत नाही, त्याच्याकडे आपण बघतसुद्धा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. आता घर अकोल्यात आहे. बाबांना म्हटलं, दोन दिवस गाडी काढू.

"कायले व? तिथं काय हाय पाह्याले? दगडं हायेत अन् वानरं हायेत."

"तुम्ही पाहिलंय का आतून?"

बाबा थोडे थांबले. "मले कोन उतरू देत होतं? गाडी लावली का चहा प्याचा अन् परत घाट उतराचा."

अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर. अकोटच्या पुढे शहानूर नावाचं गाव लागतं, ते नरनाळ्याच्या पायथ्याशी. किल्ला आता अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभागाच्या नाक्यावर नोंद करूनच वर जावं लागतं. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. नरनाळा म्हणजे एक किल्ला नाही, एकाला एक चिकटलेले तीन: मधला मोठा नरनाळा आणि दोन बाजूंना जाफराबाद आणि तेलियागड. तटाची लांबी बघता बघता मान दुखते.

बाबा रेंगाळले ते महाकाली दरवाजाशी. काळ्या दगडाच्या तटात एकदम फिकट, जवळजवळ पांढऱ्या दगडाचं प्रवेशद्वार. बाजूंना नक्षीदार गवाक्षं, दगडात कोरलेली कमळं आणि वर अरबी लिपीतला लेख. तो १४८७ चा. बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने हा दरवाजा उभारला.

बाबांनी कमळाकडे बोट दाखवलं, मग वरच्या अक्षरांकडे. "मंग हा कोनाचा म्हनाचा? हिंदूचा का मुसलमानाचा?"

मी आदल्या रात्री वाचून आले होते, त्यामुळे भाव खाऊन सांगितलं. फतहुल्लाची गोष्ट इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातला कानडी मुलगा. लढाईत बहमनींच्या हाती लागला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि स्वतःच्या हिमतीवर वर चढत गेला. एक दिवस तोच वऱ्हाडचा सुभेदार झाला. बहमनी राज्य आतून फाटत चाललं तेव्हा, १४९० मध्ये, त्याने स्वतंत्र राज्य थाटलं. राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही सगळ्यांना माहीत असतात. त्याच घरातून फुटलेली ही वऱ्हाडची इमादशाही. शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळ मिळते.

राज्य जेमतेम ८४ वर्षं टिकलं. शेवटचा बुऱ्हाण इमादशहा लहान होता. त्याचाच कारभारी तुफालखान याने सत्ता बळकावली आणि त्याला याच नरनाळ्यात कोंडलं. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाड जिंकलं, नरनाळा घेतला. कैदी राजा आणि त्याला कैद करणारा कारभारी, दोघेही त्याच्या ताब्यात आले आणि कैदेतच संपले. पुढे वीसेक वर्षांत चांदबिबीला वऱ्हाड मुघलांना द्यावं लागलं.

बाबा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे बाहेरून आलेलं पोट्टं वऱ्हाडचं मालक झालं."

"हो."

"अन् वऱ्हाडाले थ्याचं नावबी ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोटहून अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाड्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना केळी, संत्र्याच्या बागा, पानमळे. या पट्ट्यात बाबांना प्रत्येक फाटा माहीत आहे. मला मात्र या वेळी हा रस्ता वेगळाच दिसत होता. कारण हिंदुस्थानचा नकाशा जिथे बदलला अशा जागांपैकी हा एक पट्टा आहे.

१८०३ चं दुसरं इंग्रज–मराठा युद्ध. असईची लढाई आपण ऐकलेली असते. तिच्यानंतर इंग्रज फौज वऱ्हाडात उतरली. २९ नोव्हेंबरला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांत ते 'अरगाव' आहे. सुरुवातीलाच मराठ्यांच्या तोफांपुढे कंपनीच्या शिपायांच्या काही पलटणी फुटून मागे पळाल्या होत्या. सेनापती आर्थर वेलस्लीने त्यांना स्वतः गोळा करून परत उभं केलं आणि दिवस फिरला. भोसल्यांची फौज हटली, त्यातले बरेचजण गाविलगडावर गेले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी कटक आणि बालासोर इंग्रजांना दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. हा मुलूख म्हणजेच वऱ्हाड निजामाकडे गेलं. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांनी दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब सोडला.

अंजनगावच्या स्टँडसमोर चहा पिताना मी हे बाबांना सांगितलं. महिनाभरात, आपल्या या एसटीच्या रूटवर, मराठ्यांच्या हातून दिल्ली गेली. बाबांनी स्टँडकडे एकदा पाहिलं. "अन् इथं पाटी बी नाही," म्हणाले.

परतवाडा सोडलं की चिखलदऱ्याचा घाट सुरू होतो. बाबांचे हात वळणाच्या आधीच स्टिअरिंग फिरवतात. हे गिरिस्थान इंग्रजांच्या नजरेत भरलं १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या निमित्ताने. लोकांच्या गोष्टीत मात्र ते महाभारतातल्या कीचकाची दरी आहे, आणि इथे राहणारे गवळी आणि कोरकू तर त्याच्याही आधीचे.

चिखलदऱ्यापासून गाविलगड अगदी जवळ. एका खोल दरीपलीकडे दक्षिणेला मैदान, म्हणजे अख्खं वऱ्हाड पायाशी. १४२५ मध्ये अहमदशहा बहमनीने इथे पक्का किल्ला बांधला, फतहुल्लाने तो वाढवला. अकबराच्या काळात अबुल फजलने आपल्या ग्रंथात या किल्ल्याची तारीफ केली आहे. इथल्या झऱ्याचं पाणी पोलादी हत्यारांना देण्यासाठी चांगलं, असंही तो नोंदवतो. आत देवतलाव आणि खानतलाव अशी तळी आहेत, एक मोठी मशीद अर्धे घुमट ढासळलेल्या अवस्थेत उभी आहे, तोफा गवतात पडल्या आहेत.

दिल्ली दरवाजावर मी जे पाहायला आले होते ते दिसलं: दोन तोंडांचा पक्षी, दोन्ही चोचींत हत्ती. गंडभेरुंड. विजयनगरच्या नाण्यांवर दिसणारं हे चिन्ह वऱ्हाडातल्या मुसलमान सुभेदाराने बांधलेल्या किल्ल्यावर काय करतंय? अभ्यासक त्याचा धागा फतहुल्लाच्या जन्मभूमीशी जोडतात. हे सिद्ध करता येणार नाही. पण लहानपणी पकडून आणलेला एक मुलगा, नाव बदललेलं, धर्म बदललेला, भाषा बदललेली, आणि म्हातारपणी त्याच्या दरवाजावर गावाकडचा पक्षी. मीही गाव सोडून आलेली आहे. कुणी पकडून नेलं नव्हतं, पण "काही नाही, ऊन आणि कापूस" असं म्हणण्याइतकी माझी भाषा पुण्यात बदललीच होती.

किल्ला पडला तोही याच उत्तरेच्या बाजूने. दक्षिणेचा कडा अवघड. वेलस्लीने तिकडून हल्ल्याचा देखावा केला आणि कर्नल स्टीव्हनसनने डोंगरातून रस्ता काढत तोफा उत्तरेला ओढत आणल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, पण मध्ये दरी आणि पलीकडे आतला किल्ला शाबूत. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून आतला तट चढला आणि दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. हाच वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवतो. इंग्रज कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेलने गाविलगडच्या वेढ्यावर 'शार्प्स फोर्ट्रेस' नावाची कादंबरी लिहिली, ती जगभर वाचली जाते. बेनीसिंग मला सत्ताविसाव्या वर्षी, विकिपीडियावर भेटला.

पुढे किल्ला तहाने भोसल्यांना परत मिळाला, १८२२ मध्ये निजामाकडे गेला. १८५८ मध्ये तात्या टोपे येऊन तो बळकावतील या भीतीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली.

बहमनी, इमादशाही, निजामशाही, मुघल, भोसले, निजाम, इंग्रज. मी बोटं मोजत बाबांना सांगत होते. ते म्हणाले, "अन् गवळी?"

"काय गवळी?"

"नाव त थ्याहीचं हाय ना गडाले."

खरंच होतं. परंपरा सांगते की बहमनींच्या आधी इथे गवळ्यांचा मातीचा कोट होता आणि त्यांच्यावरूनच गाविलगड हे नाव आलं. मी दोन दिवस राजांची यादी पाठ केली होती आणि नावातच लिहिलेले लोक विसरले होते. बाबा विसरले नव्हते, कारण पहाटेच्या गाडीत दुधाचे आणि खव्याचे डबे घेऊन परतवाड्याला उतरणारे गवळी त्यांच्या ओळखीचे होते. कोण कुठल्या थांब्यावर उभा राहायचा, कुणाची म्हैस वाघाने नेली, कुणाचं पोरगं शिकून मास्तर झालं, ते सांगत राहिले. कोरकू प्रवाशांची भाषा त्यांना समजायची नाही, पण तिकिटापुरती यायची. ती भाषा मराठीची नात्यातलीही नाही. तिचं कूळ मुंडा, तिची भावंडं संथाली आणि मुंडारी, तिकडे दूर झारखंडात.

हे लोक अजून इथे आहेत, पण सगळेच नाहीत. वाघांसाठी मोकळं जंगल हवं म्हणून मेळघाटच्या आतल्या गावांचं टप्प्याटप्प्याने पुनर्वसन चालू आहे. बोरी, कोहा, कुंड ही त्यातली आधीची गावं. सरकारी योजनेत कुटुंबामागे दहा लाख ठरले होते, नंतर पंधरा झाले. रिकाम्या झालेल्या शेतांत आता गवत आहे, गवतावर चितळ येतात, त्यांच्यामागे वाघ. हे खोटं नाही. पण अकोट तालुक्यात हलवलेल्या गावांतले काही लोक, मिळालेलं अपुरं आहे म्हणत, परत जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वन कर्मचाऱ्यांत संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसं जखमी झाली. हेही खोटं नाही. किल्ल्यावरून दिसणारं हिरवं जंगल बघताना आपण म्हणतो, किती शांत आहे. ती शांतता कुणीतरी घर सोडून दिलेली असते, एवढं तरी माहीत असावं.

अंधाराच्या आत खाली उतरायचं होतं. इथे अस्वलं आहेत, बिबटे आहेत. निघताना बाबा पुन्हा दिल्ली दरवाजाशी थांबले. मोबाइल काढला आणि त्या पक्ष्याचा फोटो घेतला. जुन्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला म्हणे. "सारेच घाटातून गेलो. कोनीच नाही उतरलो."

रात्री मी त्या मैत्रिणीला मेसेज केला. पावसाळा संपल्यावर ये, हिवाळ्यात उत्तम. नरनाळ्याला एक दिवस, गाविलगड आणि चिखलदऱ्याला एक, मेळघाटच्या जंगलाला एक. पाणी भरपूर सोबत घे, वर मिळत नाही. वाटेत अंजनगावला चहा पिऊ, तिथे तुला दिल्लीची गोष्ट सांगायची आहे.

तिने विचारलं, "गाइड मिळतो का?"

मी लिहिलं, "बाबा येतील. गाडीही तेच चालवतील."