सुदाम्याचा उपरोध आणि माझा

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, उपहास आणि उपरोध यांत फरक काय?" चौतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला हे उत्तर झोपेतही यायला हवे. पण मी जरा अडखळलो. का ते शेवटी सांगतो.

उपरोध ही बोलण्याची तऱ्हा आहे. शब्द एक सांगतात आणि अर्थ नेमका उलटा असतो. आपल्या जुन्या संस्कृत अलंकारशास्त्रात याला जवळची व्याजस्तुती आहे, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट. उपहास हा मात्र हेतू आहे. एखादी वाईट रूढी किंवा ढोंग हसण्यावारी न्यायचे, ते लोकांना शहाणपण यावे म्हणून. उपरोध हे उपहासाचे एक हत्यार, पण तो नुसता घरगुती टोमणाही असू शकतो. तिसरे विडंबन. त्यात दुसऱ्याची लकब उचलून तिचीच गंमत करायची, जसे अत्र्यांनी 'झेंडूची फुले' (१९२५) मध्ये केले.

मराठीत उपहासाला प्रतिष्ठा दिली ती आपल्या नागपुरात जन्मलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१-१९३४). पेशाने वकील, वास्तव्य वऱ्हाडात. 'साक्षीदार' हा त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये आला. पुढे अठरा लेखांचे 'सुदाम्याचे पोहे' निघाले आणि ते बत्तीस लेखांपर्यंत वाढले. कोल्हटकर सुधारक होते, पण या लेखांत उपदेशाला उभे राहिले नाहीत. त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी निर्माण केली. सांगणारा सुदामा स्वतःच त्या वेडेपणात सामील असतो. तो भोळेपणाने रूढीची बाजू घेतो आणि त्यातूनच तिचा फोलपणा उघडा पडतो. अर्धे काम वाचकाने करायचे असते. म्हणूनच हा प्रकार अवघड. वाचकाला खूण पटली नाही, तर तो उलटाच अर्थ घेऊन जातो.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने हा वारसा चालवला. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला गेले. कामठीहून ते गाव काही फार दूर नाही. पण आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना त्यांचा सावनेरशी असलेला हा संबंध ठाऊक नसे.

आता माझी गोष्ट. १९७९ ची. वर्गात 'उपरोध' शिकवत होतो. एक मुलगा रोजच्यासारखा उशिरा आला. मला आयतेच उदाहरण सापडले. म्हटले, "या साहेब! तुमच्यासाठीच वर्ग थांबवून ठेवला होता." सगळा वर्ग हसला. मुलगाही हसला आणि जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. बिड्या वळून घर चालवणारी बाई. हात जोडून म्हणाली, "गुरुजी, पोट्टा सांगत होता, तुम्ही त्याच्यासाठी वर्ग थांबवला म्हणते. सकाळी तोच लहान्याले सांभाळते, म्हणून उशीर होते. उद्यापासून मी त्याले लवकर धाडतो."

मला काय बोलावे ते सुचेना. खरे काय ते तिला सांगितले नाही, अजूनही कुणाला सांगितले नव्हते. त्या दिवसापासून वर्गातल्या मुलावर उपरोध करणे मात्र सोडले.

कोल्हटकरांचा सुदामा आधी स्वतःला हास्यास्पद करतो आणि रूढीला चिमटा काढतो. मी खुर्चीवर बसून एका लेकराला हसवून घेतले. तऱ्हा तीच, पण त्याला उपहास म्हणता येणार नाही.

हे सगळे नातीला सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, हे परीक्षेत लिहू?" म्हटले, "व्याख्या तेवढी लिही. बाकीचे बोलताना आठव."

असो. तुमच्याकडेही अशी एखादी आठवण असेल, तर जरूर कळवा.