शिकाऱ्याची गोळी

मोठ्या जनावरांच्या शिकारीचा इतिहास बहुधा बंदुकांच्या नांवांनीं सांगितला जातो. वास्तविक तो गोळीचा इतिहास आहे.

सॅम्युएल बेकर हा इंग्रज शिकारी १८४८ पासून कांहीं वर्षें सिलोनमध्यें राहिला. हत्तीसाठीं कठीण केलेल्या शिशाची गोळी घ्यावी आणि वाघासाठीं शुद्ध, मऊ शिशाची, असें त्याचें मत होतें. हत्तीचा मेंदू जाड हाडांमागें दडलेला असतो. मऊ गोळी वाटेंतच चपटी होते. उलट कठीण गोळी वाघाच्या अंगांतून आरपार जाते आणि घायाळ वाघ झाडींत नाहींसा होतो.

पुढें निर्धूर दारू आली. गोळीचा वेग इतका वाढला कीं, नुसतें शिसें नळीच्या आट्यांत टिकेना. म्हणून त्यावर धातूचें कवच चढलें. परंतु कवचबंद गोळी अंगांत शिरून पसरेना. तेव्हां १८९० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत सैन्यासाठीं टोंकावरचें कवच काढलेली गोळी तयार झाली. युद्धांत माणसावर असली गोळी झाडूं नये, असें १८९९ सालीं हेगच्या परिषदेंत ठरलें. रणांगणावर जी क्रूर ठरली, तीच पसरणारी गोळी वाघाच्या शिकारींत दयेची मानली गेली. कारण तिनें जनावर लवकर मरे.

तथापि गोळी योग्य असून भागत नाहीं. आफ्रिकेंत वॉल्टर बेल यानें हजारावर हत्ती मारले, त्यांतील बहुतेक अवघ्या ७ मिलिमीटर मापाच्या कवचबंद गोळीनें. त्यानें हत्तीची कवटी करवतीनें कापून मेंदूची जागा आधीं नीट पाहून ठेवली होती.

हें ज्ञान नसलें म्हणजे काय होतें, तें कुमाऊंनें पाहिलें. १९०७ सालीं जिम कॉर्बेटनें चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नांवावर ४३६ बळी सांगितले जातात. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा सुळे जुन्या गोळीनें मोडलेले आढळले. त्यामुळें नेहमीचें भक्ष्य धरणें तिला अशक्य झालें, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता.

१९७२ च्या कायद्यानें भारतांत वाघाच्या शिकारीला बंदी झाली. ती गोळी झाडणारा कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. तिची किंमत मात्र गवत कापणाऱ्या गरीब बायाबापड्यांनीं दिली.